पट्टी सरकते आहे

नीलम नगर, सोलापूर
रविवार, दुपार

प्रिय तम्मा मल्लिनाथ,

पाकीट बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फक्त मी चिडले आहे, आणि धाकट्या भावावर फोनवर चिडून काही उपयोग होत नाही म्हणून कागदावर चिडते आहे. फोनवर तुझं एकच पालुपद. कसा आहेस म्हटलं की 'चालू आहे अक्का'. जेवलास का म्हटलं तरी 'चालू आहे'. दिवाळीला कधी निघतोस म्हटलं तर 'प्रोजेक्ट शेवटच्या टप्प्यात आहे, तेवढं झालं की आलोच'. तुझा तो शेवटचा टप्पा मागच्या संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपासून चालू आहे. एवढा लांबलेला शेवट मी आणखी एकाच गोष्टीचा बघितला, आण्णांच्या कॉम्प्युटरवरच्या तुझ्या त्या हिरव्या पट्टीचा. आज तिच्याबद्दलच लिहायला बसले आहे. मधे बोलू नकोस. तसंही पत्रात तुला मधे बोलता येणार नाही, हा पत्राचा मोठाच फायदा. आणि हे तुझ्या खोलीच्या पत्त्यावर टाकते आहे, ऑफिसच्या नाही. का, ते शेवटी सांगते.

मूळ गोष्ट तुला ठाऊक आहे, पण पुण्यात बसून तू ती विसरल्यासारखा वागतोस म्हणून पुन्हा सांगते. आण्णांनी जन्मभर चादरीच्या कारखान्यात चौकटीच्या कागदावर नक्षी रंगवली आणि त्यावरून जॅकार्ड मागाची, भोकांतून नक्षी उतरवणारी पुठ्ठ्याची कार्डं पाडली. मोर काढले, कमळं काढली, मालकाच्या हट्टापायी एकदा ताजमहालही काढला. पण ऐन उमेदीत त्यांनी एक कागद स्वतःच्या हौसेनं रंगवला होता, गड्ड्याच्या मिरवणुकीतल्या नंदीध्वजांचा. उंच काठ्या, त्यांची बाशिंगं, खाली पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. मोठ्या कौतुकानं मालकांपुढे पसरला, तर मालक म्हणाले, मास्तर, नक्षी झकास आहे, पण चादर लोक पायावर घेतात, नंदीध्वज पायावर घेणार कोण? आण्णांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. भक्त माणूस, काठ्या काढायच्या नादात चादर कशासाठी असते तेच विसरला. अव्वा अजून त्यावरून नवऱ्याला छळते. तो कागद गुंडाळून ट्रंकेत गेला तो गेलाच.

आता मालकांची सून राजश्री कारखाना बघते. तिला कुणीतरी त्या कागदाबद्दल सांगितलं आणि ती आपणहून घरी आली. चादर नको, भिंतीवर लावायचं वॉल हँगिंग करू म्हणाली. भिंत म्हटल्यावर पायाचा प्रश्नच मिटला. आण्णा त्या दिवशी जेवताना दोनदा हसले. नवीन मागाला कार्डं लागत नाहीत, कॉम्प्युटरची फाईल लागते, ती वेळेत मिळाली तर गड्ड्याच्या आधी विणून देते, असा तिनं शब्द दिला. आणि घाई का, हे तुला नव्यानं सांगायला नको. आण्णांचा काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली आहे ती थेंब घालून आणि वेळच्या वेळी दाखवून राखायची. त्यांना आता समोरचं नळीतून बघितल्यासारखं दिसतं, कडेचं सगळं गेलं. नंदीध्वज मागावर चढलेला त्यांच्या डोळ्यांना बघायचा असेल तर तो याच गड्ड्याला. पुढच्याचं डॉक्टरही बोलत नाहीत.

तेव्हा तू म्हणालास, बाहेर कशाला द्यायचं, मीच सॉफ्टवेअर लिहून देतो. आण्णांची छाती लेकाच्या अभिमानानं केवढी फुगली! राजश्री दुसऱ्याकडून करून घ्या म्हणत होती, तिला त्यांनी सांगितलं, "आमचा मल्लू करतुय की." तिनं कागदाचे तुकड्यातुकड्यानं स्कॅन काढून ते तू दिलेल्या काळ्या डिस्कवर भरून दिले. तू पुण्याहून प्रोग्रॅम पाठवलास, मी मोहोळहून शाळा करून आल्यावर तो आण्णांच्या जुन्या कॉम्प्युटरवर घातला. तू सांगितलंस की कागद मोठा आहे, रंग विटलेत, एकेक चौकट वाचायला या म्हाताऱ्या मशीनला अख्खा दिवससुद्धा लागेल. लागू दे की. आमच्याकडे जन्म गेला वाट बघण्यात, एका दिवसाचं काय एवढं.

पण पहिल्या खेपेला तू काय दिलंस? एक गोल फिरणारं चक्र. किती झालं, किती राहिलं, कशाचा पत्ता नाही. थोड्या वेळानं ते चक्रही थिजलं, आतला पंखा गप्प झाला, आणि आण्णांनी उठून भिंतीवरचं बटण बंद केलं. तू फोनवर ओरडलास, आतून काम चालू होतं म्हणे, का बंद केलं? अरे, तो मागावरचा हात आहे. आपण लहानपणी डबा घेऊन कारखान्यात जायचो ते आठव. तिथल्या खडखडाटात आपल्याला एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, तू माझा परकर ओढून खुणा करायचास. आणि आण्णा भाकरीचा घास हातात धरून मधेच मान वर करायचे, कारण त्या सगळ्या गोंगाटात पलीकडच्या रांगेतला एक माग थांबलेला त्यांना कळलेला असायचा. आवाज बदलला की डोक्याला समजायच्या आधी त्यांचा हात बटणावर जातो. तशी सवय नसेल तर हातभर कापड वाया जातं. त्या माणसापुढे तू मुकं मशीन ठेवलंस आणि त्यांनाच दोष दिलास.

दुसऱ्या खेपेला पट्टी आली. हिरवी, छान, टक्के दाखवणारी. सकाळी सुरू केली तर ती आंघोळ होईपर्यंत नव्वदवर! अव्वानं आनंदानं शिरा केला. आणि मग पट्टी जी नव्वदवर बसली ती हलेचना. दुपार गेली, शिरा संपला, पट्टी तिथेच. अव्वा स्वयंपाकघरातून येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इतकं पळत आलं आन् आता दारात बसून काय करालंय ते?" आण्णांनी वाट बघितली, त्यांच्या मानानं बरीच बघितली, आणि बटण बंद केलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी तुला विचारलं तेव्हा कळलं की कागद उघडणं, तुकडे जुळवणं ही सोपी कामं पहिल्या नव्वदात होती आणि चौकटी वाचायचं खरं काम शेवटच्या दहात. हे कुठलं माप, मल्लू? मी सहावीच्या पोरांना प्रगतिपत्रक असं दिलं असतं तर पालकांनी शाळेत येऊन माझी पूजा बांधली असती.

आणि मग तिसरी खेप. हे मात्र मी विसरणार नाही. मी तुला मंगळवारी भर दुपारी, मधल्या सुट्टीत फोन केला की पट्टी थांबली की आण्णा बटण बंद करतात, काहीतरी कर. पूर्वी तुला काही सांगितलं तर शनिवार-रविवारशिवाय तुझा हात मोकळा नसायचा, ऑफिसात मान वर काढायला वेळ नाही म्हणायचास. या वेळी माझा डबा खाऊन होतो न होतो तोच नवीन प्रोग्रॅम आला. मला केवढं कौतुक वाटलं. आता पट्टी थांबायची नाही. हळू, पण सतत सरकायची, आणि खाली ओळी यायच्या, 'काम सुरू आहे', 'थोडंच राहिलं', 'आता होईलच'. आण्णा खूश. दिवसभरात काम संपायचं नाही, रात्री मशीन बंद करून सकाळी पुन्हा पहिल्यापासून लावावं लागे, तरी खूश. ते तिच्याशी बोलायला लागले. सकाळी पूजा झाली की विभूती लावलेल्या कपाळानं समोर जाऊन बसायचे आणि कानडीत विचारायचे, "आतेनो?" झालं का रे? पट्टीला नव्हे, तुला विचारायचे. तू त्या मशीनमध्ये बसून त्यांचं काम करतो आहेस असंच त्यांना वाटायचं.

गेल्या गुरुवारचं तुला फोनवर अर्धंच सांगितलं होतं. तू ऐकून घेतलं नाहीस, समजावत बसलास. आता पूर्ण ऐक. मी संध्याकाळी मोहोळहून आले तर आण्णा टेबलाशी बसलेले, तोंड स्क्रीनला जवळजवळ टेकलेलं. शेजारी दुपारचं ताट दुसऱ्या ताटानं झाकून ठेवलेलं. खुर्चीच्या पाठीवर अव्वानं काढून ठेवलेला धुतलेला सदरा तसाच. चार वाजता डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ होती, शेजारचा ज्ञानू रिक्षा घेऊन येऊन, हॉर्न वाजवून वाजवून निघून गेला होता. अव्वा दाराशी बसून रडवेली झालेली. तिनं सकाळपासून दहा वेळा उठवलं, दहा वेळा हेच उत्तर, "आता हुतंयच की, एवढंच उरलंय, ते झालं की जाऊ." पट्टी नव्व्याण्णववर. स्क्रीनवर पट्टीच्या टोकापाशी एक पांढरा ठिपका दिसला म्हणून मी बोटानं पुसायला गेले तर आण्णा दचकले. तो सुताचा तुकडा होता. पट्टी खरंच सरकते की नुसती दिसते, हे ओळखायला त्यांनी थुंकी लावून सूत चिकटवलं होतं. कापड किती पुढे सरकलं ते असंच खूण करून बघतात ना. पट्टी त्या सुताच्या पुढे गेली की सूत काढून नव्या जागी लावायचं. दिवसभर हेच चाललं होतं. कमी दिसणाऱ्या माणसानं आपल्या परीनं तुझी पट्टी तपासली, मल्लू, आणि तुझी पट्टी त्या तपासणीत पास झाली.

मी फोल्डर उघडला. फाईल रिकामी. सकाळी अव्वानं केर काढताना टेबल सरकवलं होतं, तेव्हाच त्या काळ्या डिस्कची वायर निसटली होती. म्हणजे आण्णा आंघोळ करून यायच्या आत काम बंद पडलं होतं आणि पट्टी दिवसभर एकटीच चालत होती. मला खरंच वाटेना. मी वायर लावली, पुन्हा सुरू केलं, आणि मुद्दाम हातानं उपटली. पट्टी जराही घाबरली नाही, चालत राहिली, खाली 'थोडंच राहिलं'. तेव्हा कळलं की या पट्टीचा कामाशी काही संबंधच नाही, तिला नुसतं घड्याळ लावून दिलंय. सरकत जायचं आणि शंभराच्या अलीकडे रेंगाळायचं, एवढंच तिला येतं.

तुला फोन केला तेव्हा तू मोठ्या शांतपणे म्हणालास, अक्का, लोकांना थांबलेली पट्टी आवडत नाही, माणूस अस्वस्थ होतो, थोडंफार असं सगळेच करतात. तुझ्या मागे कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं ऑफिसात कुकर कसा, तर म्हणालास आज घरून काम आहे. असेल. पण माणसाला शांत बसवण्यासाठी म्हणालास ना, तर ऐक, तसं असेल तर आण्णांना मी टीव्ही लावून दिला असता. त्यांना शांत बसायचं नव्हतं, त्यांना कळायला हवं होतं. मशीन बंद पडलंय एवढं जरी कळलं असतं तरी ते दोन शिव्या घालून उठले असते, जेवले असते, डोळे दाखवून आले असते, आणि मी आल्यावर वायर लावली असती. काम बंद पडल्यानं त्यांचा दिवस गेला नाही. चालू आहे असं दिसत राहिलं, म्हणून गेला. डॉक्टरांची पुढची तारीख कधीची मिळाली ते विचारू नकोस, सांगताना मी आणखी चिडेन.

आण्णांना मी सांगणारच नव्हते, पण त्यांनी विचारलं आणि मला खोटं बोलवेना. पहिल्यांदा म्हणाले, "मल्लूनं केलंय, खोटं कसं असंल?" मी वायर उपटून पट्टी चालताना दाखवली. त्यांनी सुतानं स्वतः बघितली. मग बराच वेळ ते सूत बोटावर गुंडाळत बसले. मला वाटलं आता चिडतील, मी तर वाटच बघत होते चिडायची. तर म्हणाले, "त्येला बोलू नगंस. मला बरं वाटावं म्हणून केलं त्येनं." आणि ताट उघडून गार झालेली भाजी-भाकरी खाऊन घेतली. अव्वा मात्र भांडी घासताना तुझ्या नावानं कानडीत जे बोलली ते मी इथे लिहीत नाही, लिपी मराठी असली तरी कागद जळेल.

तेव्हा आता मला काय हवंय ते नीट वाच. ती घड्याळवाली पट्टी काढ. तिथे कितवी ओळ वाचतोय आणि एकूण किती आहेत ते लिही, बस. वेळ किती लागेल ते ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असं लिही, आम्ही काही तुला फाशी देणार नाही. डिस्क निसटली तर 'डिस्क सापडत नाही' असं मोठ्या अक्षरात. अडकलं असेल तर 'अडकलंय'. झालेलं काम जागच्या जागी जपून ठेव, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून नको. आणि एक थांबवायचं बटण दे, म्हणजे आण्णांचा हात भिंतीकडे जाणार नाही.

आणि यापेक्षा मोठं म्हणजे, त्याला आवाज दे. हे मला गुरुवारनंतर सुचलं आणि आधी कुणालाच कसं सुचलं नाही म्हणून स्वतःवरही चिडले. ज्याची नजर जातेय त्या माणसाला आपण सगळे मिळून पट्टी बघायला बसवतोय! एक ओळ वाचून झाली की एकदा खट्. पुढची झाली की पुन्हा खट्. कुणी स्क्रीनला नाक लावून बसायला नको. ते स्वयंपाकघरात अव्वाशेजारी बसून शेंगा सोलतील, ओट्यावर बसून ज्ञानूशी गप्पा मारतील, आणि खटखट थांबली की आपोआप मान वर करतील. मग तो थांबलेला आवाज खरा असला पाहिजे, एवढंच. आण्णांना हे सांगितलं तर ते लहान मुलासारखे उजळले. लगेच म्हणाले, कसला आवाज पाहिजे ते मी सांगतो, घंटीसारखा नको, लाकडाचा पाहिजे. दोन दिवस झाले, घरातली प्रत्येक वस्तू ठोकून बघतायत. पोळपाट त्यांना पसंत पडलाय, अव्वाला ठोकलेला पोळपाट पसंत नाही, त्यावर वेगळी भांडणं सुरू आहेत.

राजश्रीनं माग अजून मोकळा ठेवलाय. मला म्हणाली, ताई, महिनाअखेर फाईल आली तरी गड्ड्याला होईल, पण त्यापुढे मला दुसरं काम चढवावं लागेल. मी तिला म्हटलं, येईल. कशाच्या जोरावर म्हटलं ते माझं मला माहीत नाही.

आणि आता, मल्लू, पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते. एवढा वेळ पट्टीवर चिडले, कारण तेवढं सोपं होतं. दिवाळीला तू आला नाहीस म्हणून अव्वानं तुझ्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली होती, आणि खोलीवर तू दिवसा नसतोस म्हणून मी ती कुरियरनं तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवली. काल ती परत आली. नंतर मी कुरियरवाल्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, या नावाचं तिथे आता कुणी नाही, बऱ्याच महिन्यांपासून नाही. मी घरी नव्हते, अव्वानं दारात घेतलं. तिनं मला काही सांगितलं नाही, कुणालाच नाही. संध्याकाळी ते पुडकं सोडलं आणि तीच भाकरी दह्यात चुरून तिघांच्या ताटात वाढली.  आण्णांनी दुसरा घास घेतला आणि म्हणाले, "ही भाकरी पुण्याला जाऊन आल्याय वाटतं." त्यावर अव्वानं नुसतं आणखी दही वाढलं. मग मला सगळंच उलगडत गेलं, मंगळवारची भर दुपार, कुकरची शिट्टी, तो कधी न संपणारा शेवटचा टप्पा. नोकरी गेली की तू सोडलीस, खोलीत एकटा काय खातोस, मी विचारत नाही. तू सांगशील तेव्हा सांग. आम्हाला बरं वाटावं म्हणून केलंस, हेही कळतं. पण आम्ही इकडे रोज सूत लावून बघत होतो रे, मल्लू हसला, मल्लू बोलला, म्हणजे चालू आहे, आणि तू तिकडे एकटा अडकून पडलेला. आता आमच्यापुढे ती पट्टी नको. अडकलास तर अडकलो म्हण. तो लाकडाचा आवाज पुण्यात बसून तुला जमणार नाही, पोळपाट इथे आहे आणि तो कसा वाजला पाहिजे ते फक्त आण्णांना ठाऊक आहे. तेव्हा बॅग भर आणि मिळेल त्या गाडीनं ये. काय झालं, किती राहिलं, कुणी विचारणार नाही. मी पत्र लिहितेय हे कळल्यावर आण्णा टेबलापाशी आले, बंद स्क्रीनवरून हात फिरवला आणि म्हणाले, 'आतेनो' लिहू नको, नुसतं 'बारो' लिही. म्हणून लिहिते. बारो, तम्मा. ये रे.

चिडलेली, आणि तरीही तुझीच,
अक्का
(शिवलीला)

ता. क. भाकरी संपली. चटणी मी तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे.